लायनर बदलायचा की नाही? एअर रायफलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पीसीपी रायफलवर, म्हणजे टाकीत आधीच दाबाने हवा भरून ठेवलेल्या एअर रायफलवर लिहिलं होतं. त्यात बदलता येणाऱ्या बॅरल लायनरचा, म्हणजे बाहेरच्या जाड बाहीत सरकवायच्या पातळ नळीचा विषय एका ओळीत आटपला होता आणि नेमकी त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : सर, आमचं लेथचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे लायनर आम्ही रोज बघतो, झिजले की काढून नवीन टाकायचे. रायफलचा लायनर पण झिजतो म्हणून बदलतात का? आणि इतक्या बारीक नळीत पीळ पाडतात कसा? आमच्याकडे एखादा बनवून बघता येईल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : झिजतो म्हणून नाही. छर्रा शिशाचा, एकदम मऊ, नळी पोलादाची, आणि मागे बारूद जळत नाही त्यामुळे उष्णता नाही, म्हणजे एअर रायफलची नळी नीट वापरली तर माणसाच्या हयातीत झिजत नाही. इथे लायनर बदलतात तो रायफलचा स्वभाव बदलायला. एकाच रायफलमधून आज छर्रे, उद्या स्लग म्हणजे लांबट सरळ गोळी, परवा दुसरं कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं दुसरं माप (.२२, .२५ असं इंचात सांगतात), असं करता यावं म्हणून.

नेहमीची पद्धत तुम्हाला लगेच कळेल. जाड पोलादी बार घ्यायचा, लांब भोक पाडायचं, रीमर फिरवायचा आणि मग कार्बाइडचं बटण आतून ओढून किंवा कटरने गोल फिरत जाणाऱ्या खाचा पाडायच्या, छर्ऱ्याला गिरकी देणारा पीळ तो हाच. जर्मनीत कोनिग्सब्रॉनला लोथार वॉल्थर म्हणून कंपनी आहे, तिच्या बॅरल जगभरच्या चांगल्या एअर रायफलमध्ये बसतात. त्यात तोंडाशी नळी अगदी किंचित आवळलेली असते, त्याला चोक म्हणतात. सळईने छर्रा हळूहळू पुढे ढकलला तर शेवटच्या एक-दोन इंचात हाताला स्पष्ट अडखळ लागते, तो चोक.

स्वीडनमध्ये मारिएस्टाड गावी एफएक्स एअरगन्स आहे, फ्रेडरिक अॅक्सेलसन यांची. त्यांनी उलटा विचार केला. नळी पातळ ठेवायची आणि पीळ आतून कापण्याऐवजी बाहेरून दाबून आत उमटवायचा. आधीच्या त्यांच्या स्मूथ ट्विस्ट बॅरलमध्ये बहुतेक नळी आतून गुळगुळीत आणि पीळ फक्त तोंडाजवळ असायचा. २०१८ साली क्राउन नावाची रायफल आली तिच्यात स्मूथ ट्विस्ट एक्स आलं आणि तिथून हा लायनर प्रकार खरा सुरू झाला. म्हणजे बाहेर एक जाड बाही, तिच्या आत सरकवलेली पातळ नळी, ती नळी म्हणजे लायनर.

तो हातात घेतला की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे बाहेरच्या अंगावरच तिरके पट्टे, उजेडात फिरवला की गोल गोल चढत गेलेले, कारण पीळ बाहेरूनच दाबलेला आहे ना. मागच्या टोकाशी हवा आत यायचं छोटं भोक, अंगावर ओ-रिंगा म्हणजे रबरी कड्या, आणि वजन इतकं कमी की ही रायफलची नळी आहे यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. त्या ओ-रिंगा लायनरला बाहीच्या बरोबर मध्यात धरतात आणि कंप शोषून घेतात. त्यावर खाली अजून बोलू.

बनवून बघायचं मात्र डोक्यातून काढून टाका. तुमचा हात कितीही चांगला असला तरी. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात, आणि शस्त्र बनवायला वेगळा परवाना लागतो. हौस म्हणून एक नळी टर्न केली हे कारण पोलीस स्टेशनात चालत नाही. खोल भोक पाडण्याच्या कामात खरंच रस असेल तर मुंबईच्या पट्ट्यात प्रीसीहोल आहे, मूळ धंदा गन ड्रिलिंगच्या मशीनचा आणि त्याच घरातून एअर रायफलही निघतात, म्हणजे हे काम रीतसर मार्गाने आपल्याकडे होतंय.

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, आता टेक्सासला असतो. एफएक्स इम्पॅक्ट आहे .२५ मध्ये. छर्ऱ्यांवर मस्त चालत होती, मग सगळे स्लग स्लग करतात म्हणून स्लगचा लायनर टाकला. स्लग बरे जातात पण आता तेच जुने छर्रे १०० यार्डांवर वाट्टेल तिकडे जातात. लायनर खराब निघाला का? (एक वाचक)

उत्तर : लायनर खराब असण्याची शक्यता सगळ्यात शेवटी धरा. तुम्ही जे सांगताय ते बहुतेक त्या लायनरचं कामच आहे.

छर्रा म्हणजे डायबोलो, कमरेत बारीक, मागे पोकळ घागरा. डोकं जड आणि शेपूट हलकं, त्यामुळे हवाच त्याला सरळ ठेवते, आणि गिरकी त्याला थोडीशीच पुरते. एअर रायफलच्या नेहमीच्या बॅरलमध्ये साधारण ४०० ते ४५० मिमीला एक फेरा असा सैल पीळ असतो तो याचसाठी. स्लगचं तसं नाही. तो सरळसोट, लांबट, त्याला शेपटाचा आधार नाही, तो फक्त गिरकीच्या जोरावर सरळ राहतो, म्हणून स्लग जितका लांब आणि जड तितका घट्ट पीळ हवा. आता घट्ट पिळातून छर्रा मारला की त्याला गरजेपेक्षा जास्त गिरकी बसते, मग छर्ऱ्यात जे काही बारीक असमतोल असतील, घागऱ्याची कड किंचित वाकडी, शिसं एका बाजूला कणभर जास्त, ते सगळं उफाळून वर येतं. २५ यार्डांवर कळत नाही, ५० ला शंका येते आणि १०० ला छर्रा स्क्रूसारखा गोल फिरत जातो. तुमच्याकडे हेच होतंय असं मला वाटतं. छर्रे मारायचे तर जुना लायनर परत टाका, दोन्ही मारायचे असतील तर एफएक्सचा सुपिरिअर लायनर दोन्हीसाठी म्हणूनच काढलेला आहे, आणि जड स्लगसाठी सुपिरिअर हेवी वेगळा आहे.

पण परत टाकताना नीट टाका, कारण इथेच निम्म्या तक्रारी जन्माला येतात. आधी मॅगझिन काढा, रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, मग हात लावा. लायनरवरच्या ओ-रिंगा चिरलेल्या, चपटलेल्या आहेत का बघा. हवेचं भोक आणि ब्रीचचं, म्हणजे नळी जिथे मागे बसते त्या भागाचं भोक समोरासमोर आलं पाहिजे, जरा तिरकं बसलं तर ओ-रिंगची कड कापली जाते, हवा गळते आणि वेग प्रत्येक फायरला वेगळा येतो. पुढचा नट शेवटपर्यंत बसलाय का, बॅरल धरणारे स्क्रू कसलेत का. मग रायफल कानाजवळ धरून नळीवर बोटाने टिचकी मारा. आत खडखड ऐकू आली तर लायनर बाहीत हलतोय. पातळ लायनरचा हा खराखुरा दोष आहे आणि तो मान्य करायला हवा, फायर झाला की पातळ नळी थरथरते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी असताना छर्रा बाहेर पडतो. म्हणूनच लोक जास्तीच्या ओ-रिंगा घालायला लागले, कोणी टेप गुंडाळली, कोणी कार्बन फायबरची बाही चढवली, आणि मग जाड भिंतीचे लायनर आले.

आणि एक, एका वेळी एकच गोष्ट बदला. लायनर बदलला, त्याच दिवशी रेग्युलेटर फिरवला, त्याच दिवशी नवा स्लग आणला, मग संध्याकाळी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बिघडला की सुधारला हे कशामुळे ते देवालाच ठाऊक. रेग्युलेटर म्हणजे टाकीतला २०० - २५० बारचा दाब खाली आणून प्रत्येक फायरला सारखा देणारा भाग, तो तसाच राहू द्या. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, छर्ऱ्याचा वेग बघून लिहून काढा आणि मग फक्त लायनर बदला. पाच फायरचा एक सुंदर ग्रुप फोटोला चांगला, पुरावा म्हणून नाही. दहा-दहाचे तीन-चार ग्रुप, तेही वारा पडलेला असताना, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी परत. अॅरिझोनात एक्स्ट्रीम बेंचरेस्ट म्हणून स्पर्धा होते, १०० यार्डांवर एअर रायफल, तिथली मंडळी छर्रे धुतात, वजन करतात, डोक्याच्या मापाने वेगळे काढतात, आणि लायनर जमला की त्याला हात लावत नाहीत.

प्रश्न : फक्त .३० चा लायनर घेतला की माझ्या भावाची .२२ रायफल .३० होते का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. छर्रा आत ढकलणारी पिन म्हणजे प्रोब बदलावा लागतो, मॅगझिन बदलावं लागतं, बऱ्याचदा हवेची वाट मोठी करावी लागते, आणि दाब, हॅमर स्प्रिंग सगळं परत लावावं लागतं. .२२ चा चांगला छर्रा १८ ग्रेन म्हणजे सव्वा ग्रॅमच्या जरा आत, .३० चा ४५ ग्रेनच्या जवळ म्हणजे जवळपास तीन ग्रॅम, अडीच पट वजन हलवायला हवा पण तशीच खर्च होते, एका टाकीत मिळणारे फायर धपकन कमी होतात. तुमचा भाऊ जिथे राहतो तिथे हे कायदेशीर असेल आणि त्याच्याकडे पंप किंवा कॉम्प्रेसरची सोय असेल तरच. नाहीतर तो लायनर कपाटात पडून राहील.

प्रश्न : मामेभाऊ अमेरिकेतून दिवाळीला येतोय. रायफल आणायची नाही, फक्त .२२ चा लायनर बॅगेत टाकून आण म्हणू का? नळीच तर आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : म्हणू नका, अजिबात म्हणू नका. वर इचलकरंजीच्या वाचकांना जे सांगितलं तेच, कायद्याच्या नजरेत सुटा भाग पण शस्त्रच. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल बिनपरवाना चालते, त्यापुढे कॅलिबर गेलं किंवा ताकद गेली की परवाना लागतो. .२२ म्हणजे ५.५ मिमी, म्हणजे ती सरळ परवान्याच्या बाजूला. आणि बाहेरून आणायचं म्हटलं की आयातीचे नियम वेगळेच, त्यासाठी नेमबाजांनाही संघटनेमार्फत कागदपत्रं पुरी करावी लागतात. कस्टमला स्कॅनरमध्ये पीळ पाडलेली नळी दिसली की मामेभाऊ दिवाळी विमानतळावर काढेल.

२० ज्यूल म्हणजे किती ते पण सांगतो, कारण दुकानात कोणी नीट सांगत नाही. .१७७ चा, म्हणजे ४.५ मिमीचा, साधारण ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७० मीटरच्या वेगाने सुटला की २० ज्यूल होतात. .२२ चा १८ ग्रेनचा छर्रा २८० मीटरने गेला की ४६ ज्यूल. फरक केवढा आहे बघा. आणि काहीजण पत्रात सरळ विचारतात की याने रानडुक्कर पडेल का, ससा पडेल का, कबुतरं मारता येतील का. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, शिकारीच्या प्रश्नांना इथे उत्तर मिळणार नाही. कागदाचं टार्गेट पुरेसं कठीण आहे, जरा मारून बघा.

प्रश्न : सर, मी अकरावीला आहे, कोल्हापूरला १० मीटर एअर रायफल करते. सध्या क्लबची रायफल आहे. बाबा म्हणतात घ्यायचीच तर पुढे अपग्रेड होईल अशी घेऊ, लायनरवाली घेतली तर आयुष्यभर पुरेल. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक)

उत्तर : बाबांचा विचार पैशाच्या बाजूने अगदी बरोबर आहे पण तुझ्या खेळाला तो लागू होत नाही. त्यांना हे उत्तर वाचायला दे.

तुझ्या खेळात कॅलिबर एकच, ४.५ मिमी. अंतर एकच, १० मीटर. छर्रा एकाच प्रकारचा, सपाट डोक्याचा, अर्ध्या ग्रॅमच्या जवळचा. वेग साधारण १७० मीटर प्रति सेकंद, ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास. जिथे काहीच बदलत नाही तिथे बदलता येणाऱ्या नळीचा उपयोग शून्य. म्हणूनच फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, स्टायर, अॅनशुट्झ हे सगळे मॅच रायफलवाले कारखान्यात एक बॅरल बसवतात, ती क्लॅम्पला पकडून तपासतात आणि संपलं. ती बॅरल तुझ्यापेक्षा कायम चांगलीच मारणार आहे, हे मी तुला कमी लेखून नाही म्हणत, जगज्जेत्यांचं पण तेच आहे. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्ऱ्याच्या भोकापेक्षा कितीतरी लहान, आणि क्लॅम्पमध्ये ठेवलेली चांगली रायफल एकाच भोकातून छर्रे काढत राहते. मग नऊ कुठून येतो? खांद्यातून, गालातून, श्वासातून, ट्रिगरवरच्या बोटातून.

म्हणून तुझ्यासाठी अपग्रेड म्हणजे रायफल तुझ्या अंगाला बसवणं. खांद्याला टेकणारी बट प्लेट वर-खाली आणि आत-बाहेर होते का, गाल टेकवायचा चीकपीस नीट लागतो का, म्हणजे डोकं खाली न दाबता डोळा साइटच्या रेषेत आपोआप आला पाहिजे, ग्रिप तुझ्या हाताच्या मापाची आहे का. मॅच रायफलच्या ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या अशा मिळतात आणि क्लबच्या रायफलला बहुतेक वेळा कुठल्या तरी काकांच्या हाताची मोठी ग्रिप असते, मुलींची बोटं ट्रिगरपर्यंत ओढूनताणून पोचतात आणि मग ट्रिगर बाजूला खेचला जातो. हे एक बदललं तरी खूप फरक पडतो. वजन नियमात साडेपाच किलोपर्यंत चालतं पण तू तेवढं उचलायलाच पाहिजे असं नाही, बॅरलवरची वजनं काढून बघ, साठ फायर सव्वा तासात उभं राहून करायचे आहेत, शेवटच्या वीसला पाठ काय म्हणते ते बघ. पुढे ताकद वाढली की वजनं परत लाव.

पैसे खर्चच करायचे असतील तर छर्ऱ्यांवर कर. डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं, प्रत्येक बॅरलला त्यातलं एक जास्त मानवतं. तीन-चार प्रकारचे थोडे थोडे डबे क्लबमधल्या मुलामुलींनी मिळून घ्या, रायफल क्लॅम्पला बांधून तपासा, जो जमेल त्याच बॅचचे जास्त डबे भरून ठेवा. लोक जो फरक लायनरमध्ये शोधतात तो तुझ्यासाठी त्या डब्यात आहे.

जुनी मॅच रायफल चांगली मिळत असेल तर बिनधास्त विचार करा, फक्त टाकीवरची तारीख आधी वाचा. या टाक्यांची मुदत साधारण दहा वर्षं धरतात आणि मुदत संपलेली टाकी स्पर्धेला चालत नाही, म्हणजे स्वस्तात मिळालेल्या रायफलवर लगेच नव्या टाकीचा खर्च. बाकी सील, रेग्युलेटर हे सगळं बदलता येतं.

तुझ्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, वेगळी रायफल, .२२ ची काडतुसाची. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोमध्ये तुझ्याच १० मीटरमध्ये जगज्जेता झाला. दोघांच्याही रायफलचे फोटो मोठे करून बघ, गालाची आणि खांद्याची जागा किती बारकाईने लावलेली आहे ते बघ, आणि तुझ्या कोचसोबत बसून एक पूर्ण सरावाचा दिवस फक्त त्यासाठी दे.

प्रश्न : परदेशात राहणाऱ्या मुलाला हौसेची रायफल घ्यायची आहे. पाच-सात वर्षांनी पार्ट मिळतील का हे कसं ओळखायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जाहिरातीत अपग्रेडेबल लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. त्याच कंपनीची मागची मॉडेल्स बघा, नवीन निघालेला भाग जुन्यात बसतो की नाही हे तिच्या मालकांना विचारा. लायनरची लांबी पण बघावी लागते, ५०० मिमीच्या बाहीत ६०० चा लायनर बसत नाही, आणि लांब करायचं तर बाही पण नवी. इंग्लंडच्या डेस्टेटच्या डेल्टा वुल्फमध्ये पूर्ण बॅरलच झटकन बदलते, ते महाग पडतं पण लायनर आत खडखडायचा प्रश्न मिटतो. माझं मत विचाराल तर एकाच कॅलिबरमध्ये समाधानी राहणाऱ्याने साधी चांगली फिक्स बॅरल घ्यावी. ज्याला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायला मनापासून आवडतं आणि जो वहीत नोंदी ठेवतो त्याने लायनरवाली घ्यावी. नुसतीच खाज म्हणून उघडली तर हात दाखवून अवलक्षण होतं.

प्रश्न : लायनरच्या ओ-रिंगला शिलाई मशीनचं तेल चालेल का? घरात तेच आहे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही चालणार, आणि हा साधा प्रश्न नाही. दाबाखालच्या हवेत पेट्रोलियम तेल गेलं तर ते पेट घेऊ शकतं, २०० बारच्या टाकीजवळ हे खरोखर जीवघेणं आहे. डब्ल्यूडी-४०, इंजिन ऑइल, खोबरेल, यातलं काहीच नको. शुद्ध सिलिकॉन ग्रीस घ्या, स्कूबा डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतं, आणि बोटाला जेमतेम लागेल एवढंच लावा, जास्त लावलं तर ते नळीत येऊन पुढच्या वीस-पंचवीस फायरचा वेग खराब करतं. आधी कधी दुसरं तेल लावलं असेल तर हवा भरायच्या आधी रायफल जाणकार माणसाकडून खोलून, पुसून आणि सील बदलून घ्या.